नाल्यातला पारा आणि आपल्या कोठ्यातला डबा

मागच्या वर्षी पेरणीच्या तोंडावर वर्धा नदीकाठच्या एका गावात बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपून निघालो होतो, तेवढ्यात सरपंचांनी हटकले. "साहेब, जरा नाल्यावर चला. एक मानूस पान्यात जहर घालून राह्यला."

डोहाशी एक झारेकरी बायकोपोरांसह बसला होता. सराफाच्या दुकानातली झाडलोटीची माती विकत घ्यायची, पाटीत धुवायची, खाली बसलेल्या काळ्या गाळात पारा घालून सोन्याचे कण धरायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. पारा सोन्याला चिकटतो. तो गोळा फडक्यातून पिळून मुशीत तापवला की पारा वाफ होऊन उडतो आणि सोने मागे राहते. मुशीजवळ त्याची पाच-सहा वर्षांची पोरगी फुंकणी घेऊन बसली होती. गावकरी पाण्याकडे पाहत होते, माझे लक्ष त्या पोरीकडे गेले. पाऱ्याच्या वाफेला वास नाही, रंग नाही. ती छातीत जाते आणि मज्जातंतूंना धरते.

पाण्याची भीतीही खोटी नव्हे. उडालेला पारा पावसाबरोबर खाली येतो, सांडलेला गाळात बसतो. गाळातले जिवाणू त्याचे मिथाइल पारा नावाचे जास्त जहाल रूप करतात. ते किड्यांतून लहान मासोळीत आणि मासोळीतून मरळीत साठत जाते. मासोळी तळा की उकळा, ते जात नाही. पोटातल्या लेकरालाही पोचते. जपानात मिनामाता येथे कारखान्याचा पारा खाडीत गेला आणि मासे खाणारी माणसे लुळी पडली, ते १९५६ साली उघडकीस आले. आज जगात माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा आफ्रिका, दक्षिण अमेरिका, इंडोनेशिया इकडच्या अशाच छोट्या सोनेखाणींचा आहे. आपल्या नाल्यावरचा प्रकार त्यामानाने चिमूटभर. पण रीत तीच.

गावाचे म्हणणे, हाकला याला. हाकलला तर तो पुढच्या गावच्या नाल्यावर बसेल, एवढेच. मी तसे बोललो तर दोघे-तिघे नाराज झाले.

पुढची गोष्ट खरी सांगण्यासारखी. चहाला सरपंचांच्या घरी गेलो. कोठ्यातल्या फळीवर, ढेपेच्या पोत्याच्या वर, कवटीची खूण असलेला गंजका डबा. वडिलांनी कधीकाळी सरकीला चोळायला आणलेली भुकटी. नाव पुसट झालेले, पण वाचता आले: पारायुक्त औषध! एके काळी आमच्याच खात्याची माणसे हे चोळा म्हणून सांगत फिरत, हेही कबूल केले पाहिजे. एमिसान नावाने खपणारे असेच औषध ऊस, बटाट्याच्या बेण्याला चालत होते. ऑगस्ट २०१८ च्या केंद्राच्या आदेशाने ते बंद झाले. आदेशाने दुकान बंद होते, फळीवरचा डबा तिथेच राहतो. इराकमध्ये १९७१-७२ साली असे पारा चोळलेले गव्हाचे बियाणे लोकांनी दळून खाल्ले. साडेसहा हजारांवर माणसे दवाखान्यात गेली, त्यातली ४५९ दगावली.

तेव्हा कास्तकार बंधूंनो, आधी आपला कोठा पाहा. डबा सापडला तर उघडू नका, जाळू नका, धुऱ्यावर पुरू नका, विहिरीत तर मुळीच टाकू नका. जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लेकराबाळांपासून दूर ठेवा आणि ग्रामसेवकाकडे नोंद करा. घातक कचऱ्याचे केंद्र नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. पंचायत समितीने प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलून वर्षातून एकदा डबे गोळा करावेत. माझा अंदाज, साऱ्या तालुक्याचे डबे एका टेम्पोत मावतील.

झारेकऱ्याचेही तसेच. झाकणबंद लोखंडी भांडे आणि वाकडी नळी पाण्यात थंड केली की वाफेचा बहुतेक पारा परत हाती येतो. पारा महाग, म्हणजे फायदा त्याचाच. माती नाल्यात न धुता टाक्यात धुवावी. असे भांडे घेऊन द्यायला माती विकणाऱ्या सराफाने हात आखडू नये, माती कुठे जाते हे त्याला ठाऊक असते.

सरपंचांचा डबा सध्या ग्रामपंचायतीच्या कुलूपबंद खोलीत आहे. मी वर पत्र लिहिले आहे, उत्तराची वाट पाहतो. झारेकरी दुसऱ्याच दिवशी उठून गेला. पोरीला घेऊन कुठे गेला, गावात कोणी सांगू शकले नाही.