दिवा कोणासाठीं?

विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुमच्यापैकीं अनेकांच्या हातीं मोटारीचें चाक येईल, म्हणून हे चार शब्द.

पावसाळ्यांत बोरघाटांत धुकें दाटलें कीं कित्येक चालक दिव्यांचा मोठा झोत लावतात. परंतु धुक्यांतील जलकण तो प्रकाश आपल्याच डोळ्यांवर परत टाकतात. तेथें खालचा झोतच उपयोगी. आंतून काच धुरकटते ती बहुधा आपल्याच श्वासांतील बाष्पानें. ती हातानें वारंवार पुसणें व्यर्थ होय. वातानुकूलक चालू करून हवा काचेवर सोडावी. तो हवेंतील ओलावा काढून घेतो व काच निवळते. धोक्याचे चारी दिवे लावून गाडी हांकणें तर घातकच. आपण कोणत्या बाजूस वळणार हें मग मागच्यास कळत नाहीं.

माझें मत स्पष्ट आहे. समोरून गाडी येत असतां जो झोत खालीं करीत नाहीं, त्यास वाहन चालवितां येतें असें म्हणूं नये. ज्याचे डोळे त्यानें दिपविले, तोच क्षणभर आंधळा होऊन त्याच्या दिशेनें येत असतो! निघण्यापूर्वीं दिव्यांच्या काचा पुसाव्या व प्रत्येक दिवा लावून पाहावा. दिवा आपणांस दिसावें म्हणून असतो, तसाच आपण दुसऱ्यास दिसावें म्हणूनही असतो.