हात कुणाचा, शब्द कुणाचे?

या वेळी एकाच पत्राला उत्तर देते आहे. पत्रातला मुलगा सात वर्षांचा आहे, स्वमग्न आहे आणि अजून बोलत नाही. परदेशातल्या नणंदेनं त्याच्या आईला एक चित्रफीत पाठवली. तीत असाच एक न बोलणारा मुलगा आईनं समोर धरलेल्या पाटीवर एकेक अक्षर दाखवतो आणि वाक्य तयार होतं, की आई, मला सगळं कळतं. ते पाहून या भगिनींना रात्रभर झोप लागली नाही. असं शिक्षण आपल्याकडे कुठं मिळेल, असं त्या विचारतात. त्यासाठी दागिने मोडायचीही त्यांची तयारी आहे.

दागिने कपाटातच राहू द्या. आधी मी काय सांगते ते ऐका.

ही पद्धत नवी नाही. १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये रोझमेरी क्रॉसली यांनी अपंग मुलांच्या हाताला आधार देऊन अक्षरं दाखवून घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाच्या डग्लस बिकलन यांनी १९९० साली तिच्यावर लेख लिहिला आणि तिकडे एकच धूम उडाली. 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन' हे तिचं नाव. दूरदर्शनच्या मोठमोठ्या वाहिन्यांनी चमत्कार म्हणून ती घराघरांत पोहोचवली.

मग न्यूयॉर्क राज्यातल्या ओ. डी. हेक केंद्रात तज्ज्ञांनी अगदी साधी परीक्षा घेतली. १२ स्वमग्न व्यक्ती घेतल्या. त्यांना एक चित्र दाखवलं आणि हात धरणाऱ्याला दुसरंच, एकमेकांचं चित्र दिसू नये अशा बेतानं. स्वमग्न व्यक्तीनं पाहिलेल्या चित्राचं नाव एकदाही टाइप झालं नाही. जी नावं जुळली, ती हात धरणाऱ्यांच्या चित्रांची! १९९३ साली हे प्रसिद्ध झालं.

म्हणजे हात धरणारे लबाड होते का? मुळीच नाही. प्लँचेट आठवा. उपड्या वाटीवर तिघींची बोटं, भोवती अक्षरं. वाटी सरकते आणि प्रत्येकीला शपथेवर वाटतं की आपण ढकलली नाही. मनातलं बोटांत उतरतं आणि आपल्यालाच पत्ता लागत नाही. इथंही तसंच घडतं, आणि हात धरणारी आई असेल तर तिच्या मनात काय काय साठलेलं असतं, ते मी वेगळं सांगायला नको.

पण त्यातून संसार उद्ध्वस्त होऊ शकतात. अमेरिकेत जॅनिस बॉइंटन नावाच्या बाई शाळेत एका न बोलणाऱ्या मुलीचा हात धरत. त्या हातून मुलीच्या घरच्यांविरुद्ध भयंकर आरोप टाइप झाले आणि मुलीला घरापासून दूर ठेवलं गेलं. पुढं बोस्टनच्या हॉवर्ड शेन यांनी परीक्षा घेतली. मुलीला किल्ली दाखवली, बॉइंटनबाईंना कप. टाइप झालं 'कप'. बाईंनी ते मान्य केलं, काम थांबवलं आणि पुढं याच पद्धतीविरुद्ध लिहू लागल्या. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

इतकं होऊनही वर्तमानपत्रं आणि वाहिन्या दर काही वर्षांनी नवं नाव देऊन तोच चमत्कार दाखवतात. आपल्या सोमा मुखोपाध्याय मुलाला घेऊन २००१ साली बंगलोरहून अमेरिकेत गेल्या. त्यांच्या 'रॅपिड प्रॉम्प्टिंग'चा तिकडे मोठा गाजावाजा झाला. तिच्यात हात धरत नाहीत, पाटी धरतात. पण पाटीही हलते आणि इशारेही होतात. वाणी-उपचारतज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या संघटनेनं २०१८ साली दोन्ही पद्धती वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं. तरी २०२४ मध्ये 'द टेलिपथी टेप्स' या श्राव्य मालिकेनं अशीच मुलं दुसऱ्याच्या मनातलं ओळखतात असं सांगितलं आणि ती लाखोंनी ऐकली. आईचे डोळे भरून आलेले दिसतात, पार्श्वसंगीत वाजतं. किल्ली आणि कपाची परीक्षा तेवढी दाखवत नाहीत.

ती तुम्ही घरी करू शकता. पाटी धरणारीला दुसऱ्या खोलीत पाठवा. मुलाला त्याच्या ओळखीची एखादी वस्तू दाखवा, चेंडू म्हणा, आणि लपवा. मग तिला बोलावून विचारायला सांगा. 'परीक्षा म्हणजे मुलावर अविश्वास' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मी शाळेत दर शनिवारी शुद्धलेखन घेते, त्यात कसला आलाय अविश्वास? शिवाय ही परीक्षा मुलाची नाहीच, पाटी धरणारीची आहे. चित्रफीत पाहतानाही मुलाचे डोळे पाहा. नजर छताकडे आणि बोट अक्षरावर, असं सारखं होत असेल तर अक्षर निवडतंय कोण?

बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं मात्र समजू नका. काही स्वमग्न माणसं कुणाच्याही आधाराशिवाय स्वतः टाइप करतात. आणि तुमचा मुलगा आजही 'बोलतो' आहे. चपला आणून पुढ्यात टाकतो, हात धरून नळाकडे नेतो, नको ती वाटी ढकलतो. तेच वाढवायचं. बिस्किटाचं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवा. तुम्ही समोर पुडा घेऊन बसा, मागून दुसऱ्या कुणी त्याला चित्र उचलून तुमच्या हातात द्यायला मदत करावी. चित्र हाती आलं की लगेच बिस्किट. मागची मदत हळूहळू कमी करत बंद करायची, हे महत्त्वाचं. पुढं पाणी, झोका, 'नको', असं एकेक चित्र वाढवा, आणि वाणी-उपचारतज्ज्ञाला बोलतं टॅबलेट कधी द्यायचं ते विचारा. सुरुवातीला सारखं बिस्किटच मागेल, तेव्हा तुकडे लहान करा आणि पुडा वरच्या फळीवर ठेवा.