खेळही मराठीतून हवा

छोट्या गटाला बाराखडी कधी गिरवायला लावणार, असे काही पालक विचारतात. आम्हाला वाटते, घाई नको.

जर्मनीतच फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. चेंडू आणि लाकडी ठोकळे हीच तिथली पाटी-पुस्तके. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पाने घेऊन मुलांना शिकवले.

आपली मुले आठवडाभर किंडरगार्टनमध्ये जर्मनमधून खेळतात, भांडतात, रुसतात. शनिवारी मराठी फक्त वहीत भेटली, तर जर्मन खेळाची आणि मराठी गृहपाठाची, असेच त्यांच्या मनात बसेल. 'आता माझी पाळी', 'मी नाही जा!' ही मराठी वहीत येत नाही. एक चिंचोका, चार चिंचोके. एक बी, चार बिया, हे व्याकरण खेळताना आपोआप तोंडी बसते.

म्हणून आमची सूचना अशी: सहा वर्षांखालील मुलांचा तास भातुकली आणि चिंचोक्यांना द्यावा. अक्षरे पुढे येतीलच. आणि पालकहो, त्या तासाला बाहेर गप्पा मारत न थांबता आपणही सतरंजीवर बसून खेळूया!