देवाची इच्छा, माणसाची इच्छा आणि बर्मिंगहॅमच्या चार मुली



ख्रिस्ती मित्रांशी वाद सुरू झाला की एक उत्तर हमखास ऐकायला मिळते. आपण विचारतो, तुमचा देव सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि प्रेमळ आहे, तर मग जगात एवढे दुःख का? ते म्हणतात, देवाने माणसाला यंत्र केले नाही, त्याला इच्छास्वातंत्र्य दिले. माणूस त्याचा गैरवापर करतो आणि त्यातून दुःख निर्माण होते. देवाचा त्यात दोष नाही.

हे उत्तर आजचे नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन यांनी ते मांडले. १९७४ साली अमेरिकन तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगा यांनी त्याला तर्कशास्त्राची चौकट दिली. देव आहे आणि दुःखही आहे, या दोन विधानांत तार्किक विसंगती नाही, एवढे त्यांना सिद्ध करायचे होते. वर्गात बसून वाद घालायचा असेल तर हे उत्तर बऱ्यापैकी टिकते. पण आपण वर्गाबाहेरची माणसे आहोत. म्हणून हे उत्तर रस्त्यावर आणून पाहू.

१५ सप्टेंबर १९६३. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहर. रविवार सकाळ. सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चच्या पायऱ्यांखाली कु क्लक्स क्लॅनच्या लोकांनी डायनामाइट ठेवले होते. स्फोट झाला आणि चर्चच्या तळघरात असलेल्या चार काळ्या मुली ठार झाल्या. अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन या चौदा वर्षांच्या, आणि डेनिस मॅकनेअर अकरा वर्षांची. त्या रविवारच्या धर्मपाठाचा विषय क्षमा करणारे प्रेम हा होता. चर्चची एक रंगीत काच शाबूत राहिली, फक्त तिच्यावरच्या येशूचा चेहरा तेवढा उडाला.

आता इच्छास्वातंत्र्याचे उत्तर इथे लावून बघा. बॉम्ब ठेवणाऱ्यांना इच्छास्वातंत्र्य होते, देवाने त्यात हस्तक्षेप केला नाही. ठीक. मग डेनिसच्या इच्छास्वातंत्र्याचे काय? तिलाही मोठे व्हायची इच्छा असणारच ना? एका बाजूला खून करण्याचे स्वातंत्र्य आणि दुसऱ्या बाजूला जगण्याचे स्वातंत्र्य. दोन्ही एकाच वेळी टिकणे शक्य नव्हते. देवाने मारणाऱ्याचे स्वातंत्र्य राखले. कुणी म्हणेल, त्याने बाजू घेतली नाही, तो फक्त गप्प राहिला. ताकद असून गप्प राहणाऱ्या माणसाला आपण गावात काय म्हणतो ते सर्वांना ठाऊक आहे.

आणि देव माणसाच्या इच्छेत कधीच हात घालत नाही, असे बायबल तरी कुठे म्हणते? निर्गम हे पुस्तक उघडा. इस्राएली गुलामांना सोडायला फारो तयार होऊ नये म्हणून देव स्वतः त्याचे मन कठोर करतो, असे तिथे पुन्हा पुन्हा येते. म्हणजे मन कठोर करता येते. मग ते मऊ का करता येत नाही? शिवाय स्वर्गाचा प्रश्न उरतोच. स्वर्गात इच्छास्वातंत्र्य आहे की नाही? असूनही तिथे पाप घडत नसेल, तर तसे जग इथेच करता आले असते. नसेल, तर ज्या वस्तूसाठी एवढे रक्त सांडले ती देवालाही फार मोलाची वाटत नाही.

भूकंप, महापूर यांच्याबद्दल इथे फार लिहीत नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, चर्च भरलेली असताना लिस्बन शहर कोसळले. जमिनीला इच्छास्वातंत्र्य नसते, एवढे म्हणणे पुरे.

खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो विचारला एका काळ्या विचारवंताने. जेम्स कोन यांनी १९६९-७० मध्ये काळे मुक्तिधर्मशास्त्र उभे केले. देव शोषितांच्या बाजूचा आहे, म्हणून अमेरिकेत देव काळाच असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. त्यावर १९७३ साली विल्यम आर. जोन्स यांनी एक पुस्तक लिहिले. त्याचे शीर्षकच असे की, देव हा गोरा वर्णद्वेष्टा आहे काय? जोन्स स्वतः धर्मोपदेशक होते हे लक्षात घ्या. त्यांचा मुद्दा सरळ होता. दुःख सगळ्यांना सारखे वाटले गेले असते, तर गोष्ट वेगळी. पण ते एका समूहाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या जास्त येते. १६१९ मध्ये व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी उतरवले गेले आणि गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये. म्हणजे २४६ वर्षे. एवढा काळ प्रार्थना चालू होत्या. मग देव आपल्या बाजूचा आहे याचा पुरावा कोणता?

माझ्या मते आपल्यासाठी हाच प्रश्न सर्वांत मोठा आहे. इच्छास्वातंत्र्याचे उत्तर एका सुट्या पाप्याचा विचार करते. दुःखाला वस्ती असते, आडनाव असते, विहीर वेगळी असते, हे त्याला दिसत नाही. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबावर जे झाले ते काही माणसांनी आपल्या इच्छेचा गैरवापर केला म्हणून झाले, असे म्हटले की जात सुटते.

बाबासाहेबांनी नेमके हेच पकडले होते. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर एक लेख आहे. त्यात ते म्हणतात की मिशनरी अस्पृश्याला शिकवतात, तुझ्या पतनाचे कारण पाप आहे, आणि पापाला क्षमा मिळते. खरे तर माणसाच्या अधोगतीचे कारण प्रतिकूल परिस्थिती असते, असे समाजशास्त्र सांगते. ज्याला स्वतःच्या पापाची क्षमा मागायला शिकवले, तो परिस्थिती बदलायला कशाला उठेल? ब्राह्मणी धर्म सांगतो मागच्या जन्मीचे पाप, इथे सांगतात आदामाचे पाप. दोन्हीकडे आरोपी आपणच.

बुद्धाने हे दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी सांगून ठेवले आहे. अंगुत्तर निकायातील तित्थ सुत्तात तीन मते घेतली आहेत. सुखदुःख पूर्वकर्माने येते, ईश्वराने निर्मिले म्हणून येते, किंवा कारणाशिवायच येते. बुद्ध म्हणतात, या तिन्हींपैकी कशालाही धरून बसलात की हे करावे आणि हे करू नये यासाठी ना इच्छा उरते ना प्रयत्न. लक्षात घ्या, पहिला नंबर पूर्वकर्माचा आहे. आपल्यातलेही काही बौद्ध घरात कुणी आजारी पडले की नशीब आणि भोग म्हणतात, त्यांनी हे सुत्त आधी वाचावे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणही म्हातारा, रोगी, प्रेत हे दिले नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यातले भांडण हे दिले. म्हणजे त्यांना ज्या दुःखाशी लढायचे होते ते माणसामाणसांतले होते.

बायबलमध्ये काहीच नाही असे मी म्हणत नाही. ईयोबाचे मित्र त्याला सांगतात की तू पाप केले असशील, आणि शेवटी देव त्या मित्रांनाच खोटे ठरवतो. जन्मांधाबद्दल शिष्य विचारतात, पाप कुणाचे? येशू म्हणतो, त्याचेही नाही आणि आईबापांचेही नाही. कर्मसिद्धांताला एवढा नकार आपल्याकडच्या किती संतांनी दिला? पण त्याच उत्तरात पुढे येते की देवाची कृत्ये त्याच्यात प्रकट व्हावीत म्हणून तो आंधळा जन्मला. देवाच्या गौरवासाठी एका माणसाचे डोळे? हे मला पटत नाही.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यातल्या तीन मुलींच्या अंत्यविधीत भाषण केले. निरपराध्याच्या दुःखात उद्धाराची शक्ती असते, असे ते म्हणाले. ते आपण मान्य करू शकत नाही. मुलींचे रक्त कुणाच्या उद्धाराचे भांडवल नाही. पण त्याच भाषणात ते म्हणाले की नुसते खुनी कोण हे विचारून चालणार नाही, खुनी तयार करणारी व्यवस्था आणि विचारसरणी शोधली पाहिजे. तिथे किंग आणि बाबासाहेब एकाच जागी उभे राहतात.

खुन्यांचे काय झाले? एफबीआयने १९६८ मध्ये कुणावरही आरोप न ठेवता फाइल बंद केली. अलाबामाच्या एका सरकारी वकिलाने ती पुन्हा उघडली, तेव्हा रॉबर्ट चॅम्ब्लिसला १९७७ मध्ये शिक्षा झाली. थॉमस ब्लँटनला २००१ मध्ये, बॉबी फ्रँक चेरीला २००२ मध्ये. चौथा संशयित हर्मन कॅश खटला न चालताच १९९४ मध्ये मेला.

एक सूचना. हा लेख घेऊन चर्चवर दगड मारणाऱ्यांच्या रांगेत कुणी उभे राहू नये. दलित ख्रिश्चन हे आपलेच लोक आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील धर्माच्या अटीमुळे त्यांना आजही अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शिखांना तो १९५६ मध्ये आणि आपल्या बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. तामिळनाडूत काही ठिकाणी त्यांच्या कबरीही वेगळ्या आहेत. त्यांच्याशी वाद जरूर घाला, पण त्या मागणीच्या मोर्चात त्यांच्यासोबत चालत असताना घाला. आणि जाण्याआधी पाचवा खंड वाचून जा.