राखून ठेवलेल्या संकरित भाताच्या लोंब्या पोचट का राहतात?

महाड तालुक्यातल्या तुडीलसारख्या भातशेतीच्या गावात खरिपाआधी एक हिशेब होतोच: संकरित बियाण्याची पिशवी पुन्हा विकत घ्यायची, की गेल्या वर्षीच्या पिकातलंच भात पेरायचं? पैसे वाचवायला पेरलं, तर शेतात काही लोंब्या पोचट निघतात.

भात आणि गहू स्वतःच्याच परागांवर फळतात. संकर करायचा तर मादी वाणाचे पराग आधी निकामी करावे लागतात. गव्हात त्यासाठी रसायन फवारता येतं. परागांना पोसणाऱ्या थरातल्या जनुकांचं काम त्यामुळे बिघडतं, पराग उपाशी राहतात. फवारणीची वेळ जरा चुकली, की सगळं फसतं.

भातात दोष बियाण्यातच असतो. रानभातातून आलेलं 'डब्ल्यूए३५२' हे जनुक त्याच थराच्या पेशी अकाली मारतं. संकरात बापाकडून आलेली दुरुस्ती-जनुकं त्याला दाबून ठेवतात, म्हणून दाणा भरतो. कर्जतच्या संशोधन केंद्राचा 'सह्याद्री' (१९९८) याच पद्धतीचा.

पुढच्या पिढीत आईकडचा दोष सगळ्याच रोपांना मिळतो, दुरुस्ती मात्र सगळ्यांना नाही. गोम इथेच आहे. त्यामुळे हे काही 'टर्मिनेटर' बियाणं नव्हे; कृषी विद्यापीठाच्या संकरालाही हाच नियम. 'कर्जत-३' किंवा 'रत्ना' हे सरळ वाण असतील, तर बियाणं घरी राखता येतं.