जुन्या पोर्टची पहिली बाटली

जुना तांदूळ घेताना कान्हे-कामशेतचा माणूस ‘दोन वर्षांचा आहे’ एवढं ऐकून पैसे काढत नाही. मूठभर तळहातावर घेतो, वास घेतो, ओल लागली होती का विचारतो. जुनी व्हिंटेज पोर्ट मागणाऱ्या नव्या संग्राहकाला मात्र आपण वाइन विकणारे नुसतं साल सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. गोव्याहून येणारी गोड, स्वस्त ‘पोर्ट’ वेगळी. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली. 1756 मध्ये त्या प्रदेशाची हद्द आखली गेली. रस आंबत असताना, साखर शिल्लक असतानाच त्यात द्राक्षाचा मद्यार्क ओततात आणि आंबणं थांबतं. टॉनी पोर्ट लाकडी पिंपातच पिकते. व्हिंटेज पिंपात जेमतेम दोन-तीन वर्षं राहते, पुढची कित्येक दशकं बाटलीत काढते. म्हणजे ती पिकवणारा किंवा बिघडवणारा असतो तो साठवणारा. त्यामुळे ‘ही कुठे राहिली?’ हा प्रश्न सालाइतकाच मोलाचा.

परवडणारी आणि पिकलेली हवी तर गिऱ्हाइकाला 1963 किंवा 1977 च्या मागे धाडू नका. 1980 आणि 1983 चाळिशी ओलांडून गेली आहेत, नाव कमी म्हणून भावही कमी. त्याहून चांगली वाट एकाच मळ्याच्या पोर्टची: टेलर घराण्याची वर्जेलाश, ग्रॅहम घराण्याची माल्वेदोश. घराण्याने एखादं साल व्हिंटेज म्हणून जाहीर केलं नाही की त्याच्या उत्तम मळ्याची वाइन बहुधा स्वतंत्र बाटलीत जाते. ती जरा लवकर पिकते आणि स्वस्त पडते. 1987 ची वर्जेलाश मी कुणालाही निःशंक सुचवीन.

बाटली उजेडात धरा. वाइन मानेत असेल तर उत्तम, खांद्याखाली उतरली असेल तर सोडून द्या. बुचाजवळ चिकट ओघळ दिसला की समजावं, तिने ऊन सोसलंय. माझ्याकडे एकदा अशीच 1985 ची बाटली आली होती, बारा वर्षं स्वयंपाकघराच्या माळ्यावर राहिलेली. वास शिजलेल्या मनुकांचा आणि चवीत काहीच नाही. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मावळातल्या पावसाने लेबलला बुरशी येते, त्याने वाइनचं काही बिघडत नाही. घात करतो तो एप्रिल-मे. बारा ते चौदा अंश, तेही स्थिर, एवढी सोय नसेल तर गिऱ्हाइकाला दोनच बाटल्या द्या आणि लवकर प्यायला सांगा.

लोणावळ्याच्या हॉटेलवाल्यांनी जुनी व्हिंटेज पेल्यावर विकू नये. उघडल्यावर ती एक-दोन दिवसांचीच, त्या कामाला टॉनी बरी. उघडण्याआधी बाटली दिवसभर उभी ठेवावी, गाळ खाली बसतो; मग मलमलीतून सावकाश ओतावी. जुनं बूच साध्या स्क्रूने भुगा होतं. बाटलीबरोबर दोन पात्यांचा ओपनर द्या, आणि शक्य असेल तर पहिल्या वेळी तुम्हीच उघडून द्या.