दगडावरचे नाव

मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे कॉलेजाबाहेरची माणसे दोनच कामांसाठी येतात. एक, लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासून घ्यायला. आणि दुसरे, मुलाला नाव विचारायला. पहिल्या कामात मी सहसा हार जात नाही. दुसऱ्या कामात गेल्या कार्तिकात माझी जी फजिती झाली, ती यंदाच्या दिवाळीत वाचकांना सांगून टाकतो. फराळाबरोबर थोडे दुसऱ्याचे हसे असले म्हणजे फराळ अंगी लागतो!

माझा एक जुना विद्यार्थी मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावचा. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी हे गाव आहे. एका संध्याकाळी तो पेढे न घेताच घरी आला. मी विचारले, "काय रे, काय झाले?" तो म्हणाला, "मुलगी झाली, सर. तिसरी." जरा थांबून म्हणाला, "घरात कोणी नावाचं बोलतच नाही. एक पाहुणी म्हणाली, 'नकोशी' ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होईल. सर, मला असं नाव द्या, की मोठेपणी पोरीला त्याचा अर्थ सांगताना माझी मान खाली जाऊ नये."

पाहुणीचे बोलणे हवेतले नव्हते. सातारा जिल्ह्यात २०११ साली 'नकुशी', 'नकुसा' अशी नावे लाभलेल्या २८५ मुलींचे सरकारी समारंभात नव्याने बारसे करावे लागले होते, हे वाचकांना आठवत असेल. पाळण्यातल्या जिवाला हाक मारायची, तीच मुळी 'नको' म्हणून!

मी खुर्चीत सावरून बसलो. म्हटले, "अरे, तुझ्या गावाच्या उशाशी नाणेघाट आहे, आणि तू नाव शोधायला माझ्याकडे येतोस? नागनिका ठेव!"

मग अर्धा तास मी त्याला तास दिला. नाणेघाट ही सातवाहनांच्या काळातली वाट. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून माल निघावा आणि हा घाट चढून जुन्नरला जावा. घाटमाथ्याजवळ एक लेणे आहे. त्यात बुद्धाची मूर्ती नाही की शिवाची पिंडी नाही. तिथे होते ते एक राजघराणे. मागच्या भिंतीवर माणसांएवढ्या मूर्ती कोरलेल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर ब्राह्मी लिपीत नावे. घराण्याचा मूळपुरुष सिमुक, राजा सातकर्णी आणि त्याची राणी. शिवाय कुमार भायल, कुमार हकुसिरी, एक महारठी. मूर्ती केव्हाच फुटून गेल्या; पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. बाजूच्या भिंतींवर मोठा प्राकृत लेख आहे. राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, कार्षापणांची त्यात मोजदाद आहे. तो लेख या राणीचाच, असे विद्वान मानतात. महारठ्याची लेक, राजाची राणी, आणि नवऱ्यामागे लहान कुमारांच्या वतीने कारभार पाहिलेली बाई, असे तिचे चरित्र त्यावरून जुळवतात. दोन हजार वर्षांपूर्वी जिचे नाव खडकात कोरले, तिचे नाव ठेवल्यावर पोरीला 'नकोशी' कोण म्हणेल?

विद्यार्थी खूश होऊन गेला. मग माझ्याच मनात आले, की नाव इतके मोठे, तर मराठी घरांत ते इतके दुर्मिळ का? जनी, मुक्ता, जिजा, अहिल्या ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. नागनिका का नाही आली?

याचे उत्तर मला थेट इंग्लंडात सापडले. जर्मन-इंग्रजी कुळातली जुनी नावे दोन तुकडे जोडून बनत. आपल्या सातवाहनांत वेदिसिरी, हकुसिरी अशी 'श्री' जोडलेली नावे आहेत ना, तशीच. आल्फ्रेड म्हणजे यक्षांचा सल्ला, एडवर्ड म्हणजे वैभवाचा राखणदार. पुढे १०६६ साली तिथे नॉर्मनांचे राज्य आले आणि थोड्याच पिढ्यांत घरोघर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड झाले. गंमत अशी, की ही नावेही मूळची जर्मन कुळातलीच. फ्रान्सचा फेरा घालून आलेली! एवढा मोठा राजा आल्फ्रेड, पण त्याचे नाव दुर्मिळ झाले, ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इतिहासाची आवड वाढली तेव्हा परतले. एडवर्ड मात्र तगले. का? तर त्या नावाचा एक राजा संत ठरला होता. तिसऱ्या हेन्रीची त्याच्यावर भक्ती. म्हणून १२३९ साली झालेल्या आपल्या मुलाचे नाव त्याने एडवर्ड ठेवले, आणि नाव पुन्हा गादीवर बसले.

म्हणजे राजाचे नाव राज्याबरोबर जाते आणि संताचे नाव भजनाबरोबर राहते. आपल्याकडे तेच झाले. नामदेव, एकनाथ, तुकाराम वारीबरोबर गावोगाव चालले. नागनिकेला वारी नव्हती. तिचे नाव होते दगडावर, आणि दगडावरची लिपीच लोक विसरले. १८२८ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे लेख पाहिले, तेव्हा ते कोणालाच वाचता येत नव्हते. १८३७ साली प्रिन्सेपने ब्राह्मीचे कोडे उलगडले. मग भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर यांनी नाणेघाटातली अक्षरे लावली. जे नाव वाचताच येत नाही, ते बारशाला कानात सांगणार कोण?

या विचारात मी बारशाच्या आदल्या दिवशी वैशाखऱ्याला पोहोचलो. विद्यार्थ्याची आई ओटीवर तांदूळ निवडत होती. मी नमस्कार केला. तिने सुपातली मान वर न करता विचारले, "मास्तर, तुमीच का ता नाव सांगितलाव?"

"हो, आजी. राणीचं नाव आहे."

"राणी असंल. पन नागाचा नाव पोरीला? आमच्या शेतात काय नाग कमी हायत? आन ए नागनिके, ए नागनिके, अशी बांधावरना हाक मारायची कशी? मारून दावा बघू."

वाचकहो, मी मारून पाहिली. तिसऱ्या हाकेला माझा आवाज फाटला, आणि गोठ्यातली म्हैस तेवढी माझ्याकडे वळून पाहू लागली.

दुपारी घरातल्या एका म्हाताऱ्याला वाटाड्या घेऊन मी घाट चढायला निघालो. त्याच्या नावाचा अर्थ दगड असा होतो, एवढे सांगितले म्हणजे मराठी वाचकाला पुरे. वाटेत दम खायला बसलो, तेव्हा मी त्याला ते नाव कसे पडले, हे विचारले. तो म्हणाला, "माझ्या आदी दोन पोरं गेली. मंग आयनं मला दगुड केला. दगडाला कोन नेतो?" धोंडू, दगडू, केरू, उकिर्डा ही आपल्याकडची नावे अशाच आयांनी ठेवलेली. त्यांचा अर्थ ओबडधोबड, पण पोटात धाक आणि माया. 'नकोशी' त्यांच्यासारखीच दिसते. पण दगडू म्हणणारी आई मुलाला लपवते, आणि नकोशी म्हणणारे मुलीला परतवतात. कोशात दोन्ही शब्द हलकेच. फरक हाक मारणाऱ्याच्या पोटात असतो.

लेण्यात पोहोचलो, तेव्हा उन्हे तिरपी झाली होती. मागच्या भिंतीवर नावे जिथे कोरलेली आहेत, तिथे मी बोट दाखवून म्हाताऱ्याला एकेक अक्षर वाचून दाखवू लागलो, आणि राणीच्या नावापाशी अडलो. वर्गात वर्षानुवर्षे सांगितलेली गोष्ट मीच विसरलो होतो! तिथे 'नागनिका' नाहीच. तिथे आहे 'नायनिका'. पंडितांनी मूळ रूप 'नागनिका' धरले आणि पुस्तकांत तेच रुळले. पण प्राकृत बोलणाऱ्याच्या तोंडात दोन स्वरांमधला 'ग' टिकत नाही. सागराचा सायर होतो. नगराचा नयर होतो आणि पुढे 'नेर' होऊन संगमनेरात, अंमळनेरात जाऊन बसतो. कोरणाऱ्याने पंडितांचा उच्चार कोरला नव्हता. लोक राणीला जशी हाक मारत, तशी ती भिंतीवर उतरली होती.

घाट उतरताना माझी पावले हलकी झाली होती. खाली पोहोचताच म्हटले, "आजी, यातला नाग काढून टाकला, तर चालेल?"

"मंग काय राहतो?"

"नायनिका."

तिने ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिले. मग उठून अंगणात गेली आणि रिकाम्या खाचराकडे तोंड करून मोठ्याने ओरडली, "ए नायने!" हाक समोरच्या उतारावर आपटून परत आली. "बसला तोंडात," म्हातारी म्हणाली. दुसऱ्या दिवशी बारशाला आत्याने तेच नाव मुलीच्या कानात सांगितले.

पुढे जन्माच्या दाखल्यावर कोणा कारकुनाने 'नयनिका' लिहिले. मी म्हटले, "राहू दे. डोळ्यांचे नाव म्हणून तेही वाईट नाही." विद्यार्थी ऐकेना. तीन खेपा घालून त्याने काना घालून आणला. म्हणाला, "सर, मान खाली घालायची नाही, असं ठरलंय ना आपलं?"

या भाद्रपदात मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो होतो. पोरगी ओटीवर रांगत होती. गावात नव्याने आलेली एक बाई म्हातारीला विचारत होती, "ह्यो कसला नाव, आजी?" म्हातारीने हातातले सूप खाली ठेवले, घाटाकडे बोट केले आणि सांगू लागली, "आमच्या घाटान येक राणी व्हती..."

मी मध्ये बोललो नाही. तपशिलाच्या दोन-तीन चुका झाल्या, त्याही तशाच राहू दिल्या.